प्रीअ‍ॅम्पचा वेगळा डबा

एकोणीस वर्षं दत्तोबामामा दर गुरुवारी कसबा पेठेत दत्तप्रसादकडे यायचे, खुर्चीत बसून अभंगांची एक रेकॉर्ड ऐकायचे. दिवाळीत दत्तप्रसादच्या मावसभावानं, संपतनं, प्रीअ‍ॅम्प घेतला आणि मामा चक्क बसनं वाघोलीला त्याच्याकडे जायला लागले. शहात्तराव्या वर्षी, स्वारगेटहून!

दत्तप्रसादला हे सहन होईना. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात सगळं करायचा. संपतनं मात्र रेकॉर्डचा नाजूक आवाज सांभाळून पुढे द्यायला वेगळा डबा आणला होता. "वेगळा डबा हवाच रे," असं तो फोनवर इतक्या मायेनं सांगायचा, की दत्तप्रसादला जेवण जाईना.

शेवटी त्यानं दोघांनाही बोलावलं. "डबा घेऊन ये. मामाच ठरवतील."

दत्तप्रसादच्या बायकोचं, वेणूबाईंचं, गुरुवारचं मौन होतं, दिवेलागणीपर्यंत. त्यांनी न बोलता चहा ठेवला आणि मामांच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं.

आधी नुसता अ‍ॅम्प्लिफायर लावला. मग संपतचा डबा मध्ये जोडला.

"हा! हा भरदार," मामा म्हणाले.

संपत हसला. दत्तप्रसादचा चेहरा पडला, पण हातातल्या मोबाइलवर आवाजाचं माप होतं. "थांबा. डबा जोडल्यावर आवाज मोठा झालाय. मोठं ते गोडच लागतं."

त्यानं दोन्ही वेळचं माप तंतोतंत जुळवलं आणि पाच वेळा आलटून पालटून तीच ओळ लावली. मामा दर वेळी मान वाकडी करून ऐकत राहिले. अखेर उपरणं काढत म्हणाले, "मला काही फरक कळेना बुवा."

"बघ!" दत्तप्रसाद जवळजवळ ओरडलाच. "मग मामा, वाघोलीला कशाला जाता?"

"संपत गाणं लावून गप्प बसतो. तू विचारत असतोस, मामा, टाळ डावीकडून आले का? मामा, खालचा सूर मोकळा झाला का? अरे, एकोणीस वर्षं मी परीक्षाच देतोय."

संपतनं डबा पिशवीत घातला. मामा त्याच्या स्कूटरवर मागे बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. गॅलरीतून दत्तप्रसादला तो हातच दिसत राहिला. कित्येक वर्षं तो याच्या खांद्यावर असायचा, जिना उतरताना.

"पुढच्या गुरुवारी याल ना?" त्यानं वरून विचारलं.

"बघू," खालून उत्तर आलं.

आत वेणूबाईंनी दिवा लावला, हात जोडले. मौन सुटलं.

"अहो, मला दिवसभर जमतं," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला रेकॉर्डची एक बाजू जमेल."

"आणि मला काही वेगळं ऐकू आलं तर?"

"तर ऐका."