लाँड्रीच्या अंगणातला झरा

बंद पडलेल्या लाँड्रीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कपडे वाळत घालायच्या तारांवर माणसं लटकायची तेवढी बाकी होती. मधोमध, फुटक्या फरशीपाशी, झराबाबा डोक्यावरून शाल ओढून ध्यानाला बसले होते. शालीच्या आतून निळसर उजेड झिरपत होता.

"बघितलंस तेज?" सासूबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं.

सूनबाई पाणीपुरवठा खात्यात अभियंता. ते तेज तिला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं, पण कुठं ते आठवेना.

शाल बाजूला झाली. बाबा काठी घेऊन उठले.

"पाण्याला तोंड नसतं, तरी ते माझ्याशी बोलतं! आज सकाळीच म्हणालं, बाबा, लोकांचे गुडघे माझ्याकडे दे, कंबर माझ्याकडे दे, हृदय माझ्याकडे दे!"

"घे, घे!" गर्दी ओरडली.

"पण एक ध्यानात ठेवा. डॉक्टरचं औषध आणि हे पाणी एका पोटात नांदत नाही!"

भंगारवाल्याच्या हाळीसारखी ही यादी संपली, काठी फरशीवर आपटली, आणि फटीतून पाणी बुडबुडत वर आलं. गर्दीच्या घशातून असा आवाज निघाला की तारेवरची कबुतरं उडाली. सासूबाईंनी वयाला न शोभणारी झेप घेऊन बाटली भरली.

घर त्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर होतं. सासूबाई प्रत्येक जिन्यावर थांबून, जणू भिंतीचा रंग बघायलाच थांबल्यात अशा थाटात, श्वास घेत वर आल्या. त्यांच्या हृदयाच्या गोळ्यांच्या डबीत आता शर्टाची बटणं होती.

"आई, डॉक्टर म्हणालेत, या गोळ्या अशा मध्येच सोडणं जिवावर बेतेल."

"तुझ्या डॉक्टरांनी कधी दगडातून पाणी काढलंय?"

"नाही."

"मग?"

सासूबाईंनी स्वयंपाकघरातला नळ सोडला. तो दोनदा खोकला आणि गप्प बसला.

"हे बघ तुझं खातं! बाबा आल्यापासून याला जणू लाज वाटायला लागलीय. तिकडे एक माणूस काठी आपटून पाणी काढतो, आणि तुम्ही एवढी शिकलेली माणसं!"

दुसऱ्या दिवशी सूनबाई नियंत्रण कक्षात गेली ती तडक 'शेजारणी'समोर बसली. शेजारीण म्हणजे खात्यानं आणलेली कृत्रिम बुद्धिमत्ता. तिचं अधिकृत नाव इतकं लांब होतं की ते उच्चारून होईपर्यंत एखादा पाइप फुटून दुरुस्तही झाला असता. शहरभरच्या जलवाहिन्यांवर पाण्याचा दाब मोजणारी उपकरणं बसवली होती. त्यांच्या आकड्यांवरून कुठली गल्ली कधी उठते, कधी आंघोळ करते, कधी धुणं काढते, हे ती शिकली होती. नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की बोंब मारायची. लाँड्री गल्लीत पाणी गळतंय, ही बोंब ती कित्येक दिवस मारत होती. आणि गळती निरीक्षक प्रत्येक वेळी 'गळती नाही' असा शेरा मारत होते.

सूनबाईनं निरीक्षकांना बोलावलं.

"तुम्ही जाऊन बघितलंत?"

"म्हणजे काय, मॅडम! रोज जातो. लोखंडी कांडी जमिनीला टेकवून कान लावला. खाली स्पष्ट सळसळ. लगेच ओळखलं."

"काय ओळखलं?"

"झरा!"

त्यांनी पिशवीतून बाटली काढून पुढं केली. "कंबरेला फार छान आहे. घ्या ना थोडं."

सूनबाईनं कपाळाला हात लावला. शहराची गळती शोधायला नेमलेला एकुलता एक कान बाबांच्या रांगेत उभा होता. तेवढ्यात ओढणीखाली पडलेला तिचा फोन उजळला, आणि ओढणीतून निळसर उजेड आला.

ते तेज!

खात्यानं मोठ्या थाटात नागरिकांसाठी फोनवर हे निळं पान सुरू केलं होतं. तुमच्या गल्लीत आज दाब कधी वाढेल, याचा शेजारणीचा अंदाज त्यावर दिसायचा. उद्घाटनाला भाषणं झाली, टाळ्या झाल्या आणि लोक ते पान विसरले. लाँड्री गल्लीचं पान मात्र, नोंदींप्रमाणे, एक वाचक रोज बाबांच्या ध्यानाच्या वेळी न चुकता उघडत होता. सगळ्या शहरात खात्याच्या कामावर श्रद्धा असलेला तो एकटाच.

सूनबाईनं पंपवाल्याला फोन लावला. पंपांचं वेळापत्रक तिच्याच हाताखाली होतं. "उद्या दुसरा पंप मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

"मग मी काय करू, मॅडम?"

"चहा प्या."

दुसऱ्या दिवशी अंगण पुन्हा भरलं. शाल, तेज, यादी, सगळं यथासांग झालं. काठी आपटली. फरशी कोरडी ठणठणीत. पुन्हा आपटली. काठीचं टोक तुटलं.

"इथं कुणीतरी शंका घेतंय!" बाबा गरजले. "पाणी लाजतंय!"

"लाजत असेल तर ओळखीच्या माणसानं बोलवावं," सूनबाई म्हणाली. फोनवर तिनं हळूच दोन शब्द सांगितले आणि सासूबाईंना पुढं केलं. "आई, तुम्ही हाक मारा."

"मी? अगं, काहीतरीच काय!"

"मारा तर खरं."

सासूबाई लाजल्या, पदर सारखा केला आणि दारात रेंगाळणाऱ्या भाचीला बोलवावं तशा म्हणाल्या, "ये गं बाई, किती ताटकळत ठेवशील?"

पाणी ताबडतोब आलं नाही. सासूबाईंनी आणखी दोनदा समजूत घातली. मग फटीतून एक बुडबुडा आला, दुसरा आला, आणि भळभळून धार लागली.

सगळी गर्दी बाबांकडे पाठ करून सासूबाईंपुढं वाकली. त्यांनाही ते, खोटं कशाला बोला, आवडलं. मान जरा उंच झाली. तेवढ्यात एका बाईनं आपली धापा टाकणारी मुलगी पुढं ढकलली.

"आजी, हिचा दम्याचा फवारा बंद करू ना? तुम्ही म्हणाल तसं."

सासूबाईंचा आशीर्वादाला उठलेला हात हवेतच थांबला.

"अगं, वेडी की काय तू? फवारा कशाला बंद करतेस? पोरीला काही झालं तर? मला काय कळतंय त्यातलं, मी नुसती हाक मारली!"

आणि आपलंच बोलणं ऐकून त्यांना आपल्या डबीतली बटणं आठवली. मग सुनेकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांग. कुणी आणलं हे पाणी?"

सूनबाईनं फोनचा आवाज मोठा केला. पंपवाला सांगत होता, "मॅडम, चहा संपला, दुसरा पंप केव्हाच सोडलाय. आला का दाब?"

सूनबाईनं समजावून सांगितलं. फरशीखालून लाँड्रीचा जुना पाइप जातो. त्याला चीर गेलीय. एरवी पाणी आतल्या आत मुरतं. दुसरा पंप सुरू झाला, दाब वाढला, की ते फटीतून वर येतं. कधी वाढणार, ते फोनवर दिसतं.

सासूबाईंनी बाबांची शाल उचलून झटकली. निळं पान उघडं ठेवलेला फोन खाली पडला.

मग निरीक्षक पुढं आले. काल सूनबाईकडून ऐकून घेतलेल्या बोलण्यानं त्यांची कंबर आपोआप ताठ झाली होती. त्यांनी काचेच्या नळीत झऱ्याचं पाणी घेतलं, तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"क्लोरीन," ते खाली मान घालून म्हणाले. "आपल्याच टाकीतलं आहे. मी कांडीला कान लावला, पण डोकं घरी ठेवून आलो होतो."

"पाणी तर शेवटी एकच असतं, तुझं काय नि माझं काय..." बाबांनी तत्त्वज्ञान काढलं.

"थांब!" सासूबाईंचा आवाज चढला. "म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातलं पाणी इथं गळत होतं, आणि तेच तू मला कृपा म्हणून देत होतास? वर माझ्या गोळ्या सोडायला लावल्यास?"

बाबा मागच्या दारानं निघाले. तिथं धापा टाकणाऱ्या मुलीची आई आधीच उभी होती. पोलीस येईपर्यंत ती तिथून हलली नाही.

"मग खरी ती शेजारीणच म्हणायची!" गर्दीतला एक जण उत्साहानं म्हणाला. "तिला विचारा ना, माझ्या मुलाला नोकरी कधी लागेल?"

"आज पंपवाला चहा पीत बसला, हेसुद्धा तिला कळलं नव्हतं," सूनबाई म्हणाली. "तिचाही अंदाजच असतो. तिची बोंब खरी की खोटी, हे खणून बघावं लागतं. ते आम्ही केलं नाही, म्हणून तुमचे नळ कोरडे राहिले. बाबा असो, यंत्र असो नाहीतर आमचं खातं, हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, की हे कसं होतं, दाखवा. जो खरा असेल, तो दाखवेल."

फरशी त्याच दिवशी उखडली. पाइपची चीर सगळ्यांनी वाकून वाकून बघितली.

पाइप बदलल्यावर वरच्या मजल्यावरचा नळ एकदाच खोकला आणि धो धो वाहू लागला. सासूबाई डॉक्टरांकडे जाऊन, त्यांचं सगळं बोलणं मुकाट ऐकून आल्या होत्या. त्यांनी डबीतली बटणं टेबलावर ओतली, जागी गोळ्या भरल्या, नळाखाली पेला धरला आणि एक गोळी तोंडात टाकून त्या गटागट पाणी प्यायल्या. मग पोटावर हात ठेवून त्या थोडा वेळ वाट बघत बसल्या.

"काय झालं, आई?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "नांदतंय की!"