तापू दे स्वल्प

आमच्या प्रयोगशाळेत वायरलेसचा सेट चालू केला की पहिलं काम कॉफीचं. बटण फिरवायचं, "तापू दे स्वल्प" म्हणायचं आणि कँटीनची वाट धरायची. सेटच्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह असायचे आणि ते दिव्यांसारखे लालसर होऊन नीट तापेपर्यंत सेट मुका. या मुक्या वेळात आमच्याकडे लग्नं जमली, बढत्यांवरून कुचाळक्या झाल्या, साहेबांच्या नकला झाल्या. सेट अजून ऐकत नाहीये, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

मी पुण्याची. 'स्वल्प' हा शब्द मला फक्त स्वल्पविरामापुरता ठाऊक होता. स्वल्प म्हणजे अगदी थोडं, अशी माझी समजूत. बंगळुरात आल्यावर शिंप्याने "स्वल्प थांबा" म्हटलं आणि माझा ब्लाउज दिवाळी उलटल्यावर हातात पडला. कानडीतला हा स्वल्प म्हणणाऱ्याच्या मनाप्रमाणे लांबतो, हे तेव्हा कळलं.

"तापू दे" म्हणण्यात सगळ्यांचे गुरू म्हणजे त्रिविक्रमराव, व्हॉल्व्ह विभागाचे प्रमुख. अख्खी प्रयोगशाळा त्यांना अण्णा म्हणायची. त्यांच्या घराण्याला बंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली होती आणि मराठीला इथलं पाणी चांगलंच लागलं होतं. चामराजपेठेतल्या त्यांच्या घराच्या माडीवर मी भाड्याने राहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी "मी जेवण केलो" म्हटलं तेव्हा मी हसू दाबलं. मग त्यांच्या पत्नीने, सत्यवतीअक्कांनी, न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला आणि माझी व्याकरणाची खुमखुमी तिथेच जिरली.

चीनची लढाई झाली आणि दिल्ली खडबडून जागी झाली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सैन्याच्या हाती कोणते सेट असावेत हे ठरवायला एक समिती नेमली गेली. प्रश्न सरळ होता. आमची व्हॉल्व्हची शेड वाढवायची, की ट्रान्झिस्टरवर भिस्त ठेवायची? ट्रान्झिस्टर म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा आणि त्याला तीन तारा. काच नाही, तापवणं नाही, आणि बॅटरीही तो बेताची खातो. त्यावर चालणारा सेट मी आणि माझे दोन सोबती एका अडगळीच्या खोलीत बसून तयार करत होतो. समितीने व्हॉल्व्हच्या बाजूने कौल दिला की आमची खोली बंद होणार, हे साहेबांनी मला तोंडावर सांगितलं होतं. मग मला पुणं. तिथे आईने एक स्थळ हेरून ठेवलं होतं आणि त्या गृहस्थांना ट्रान्झिस्टरशी काही देणंघेणं नव्हतं.

समितीने अण्णांचं लेखी मत मागवलं. अण्णांनी लिहिलं, नको. ट्रान्झिस्टर उन्हात बिघडतो, आणि आज तो परदेशातून आणावा लागतो. ऐन लढाईत परदेशाने हात आखडता घेतला तर काय करणार? व्हॉल्व्ह आपण आपल्या शेडमध्ये बनवतो. मुद्दे खोटे नव्हते, म्हणून तर मला जास्त राग आला.

"अण्णा, मग ट्रान्झिस्टरही आपणच बनवायला शिकू या ना," मी म्हटलं.

"शिकू की. स्वल्प वेळानं."

त्यांचा स्वल्प मला आता पुरेपूर माहीत होता. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात समोर आले तर मी भिंतीकडे बघायचे. अक्का वर पाठवायच्या तो भाताचा डबा मात्र परत केला नाही. भांडण अण्णांशी होतं, चित्रान्नाशी नव्हतं.

समितीपुढे माझ्या सेटची चाचणी ठरली. एक सेट प्रयोगशाळेत, दुसरा शहराबाहेर आनेकलला, सकाळी दहा वाजता बोलणं. प्रयोगशाळेतला सेट आपणच चालवणार, असं म्हणून अण्णा अडून बसले. मला वाटलं, झालं, आता हे मला पाण्यात बघत बघत चालवणार. त्यांच्या मदतीला गुंडो होता, त्यांचाच जुना सहकारी. समितीतले दोघे दहाला तिथे यायचे होते. तिसरे, कर्नल हंबीरराव, माझ्यासोबत जीपमधून आनेकलला आले. कर्नल कोल्हापूरकडचे, पण वाटेत त्यांनी फक्त बॅटरीचं वजन विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बॅटरी हातात धरून पाहिली.

आनेकलच्या तळ्याकाठी चिंचेच्या झाडावर एरियलची तार चढवली. दहाला अजून अवकाश होता, तरी मी सेट चालू करून ठेवला. तेवढ्यात स्पीकरमधून खरखर आली आणि मागोमाग पितळी वाटीवर पेला ठेवल्याचा आवाज. कॉफी!

"गुंडो, तापू दे स्वल्प," अण्णांचा आवाज आला, अगदी जवळून बोलल्यासारखा.

काय झालं ते माझ्या लगेच ध्यानात आलं. जुन्या सेटमध्ये आवाज पाठवणारा व्हॉल्व्ह माइकचं बटण दाबल्यावरच तापायला लागे. म्हणून अण्णा बटणावर रबरबँड गुंडाळून माइक तसाच टेबलावर ठेवत आणि निवांत कॉफी पीत. आजही त्यांनी तेच केलं होतं. पण माझ्या सेटला तापायचं नव्हतंच. तो बटण दाबल्या क्षणापासून बोलत होता, आणि अण्णा त्याच्या जागं होण्याची वाट बघत बसले होते.

मला खदखदून हसू आलं. मी माझं बटण दाबून "अण्णा, अण्णा" म्हणाले, पण उपयोग शून्य. या सेटवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. त्यांचं बटण दाबलेलं होतं, तोवर त्यांना माझं काही ऐकू जाणार नव्हतं.

"अण्णा, हे चाललं नाही तर सोय झाली म्हणायची," गुंडो म्हणाला.

"चालतंय की! न चालायला काय झालं? परवा मी उघडून बघितलो. पोरीनं फार स्वच्छ काम केलंय."

माझं हसू थांबलं.

"मग कागदावर नको म्हणून का लिहिलात?"

पेला वाटीवर टेकल्याचा आवाज आला. मग अण्णा बोलले, आणि असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "शेडमध्ये अनुसूया आहे, तिच्यासारख्या कितीजणी आहेत. काच कशी वितळवायची, तार कशी बसवायची, मी शिकवलो त्यांना. उद्या ट्रान्झिस्टर आला की त्यांना कोण विचारतो? आणि मला तरी कोण? ट्रान्झिस्टरवरचं ते जाड पुस्तक मी दोनदा वाचलो, गुंडो. डोक्यात शिरेना. तिला विचारायचं तर तोंड कसं उघडू? मी तिचा सीनियर. त्यात ती माझ्याशी बोलतच नाही. या वयात मला परत पहिलीत बसवतील म्हणून भीती वाटते रे. दुसरं काही नाही. स्वल्प वेळ पाहिजे मला."

'मी पुस्तक वाचलो.' पुण्यात याचा अर्थ पुस्तकाच्या तावडीतून सुटलो असा होतो. एरवी मी यावर आठवडाभर हसले असते. आता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी कर्नल ऐकत उभे होते. आवाज बंद करायला मी हात पुढे केला, तोवर अण्णा म्हणाले, "चल, तापलं असेल." रबरबँड निघाल्याचा खट्ट आवाज झाला आणि मग ठरल्याप्रमाणे ऐटीत, "आनेकल, आनेकल, माझा आवाज येतो का?"

"येतो," मी म्हटलं. "स्पष्ट येतो."

चाचणी उत्तम झाली. तिकडे समितीचे दोघे आले, त्यांनी प्रश्न विचारले, आम्ही उत्तरं दिली, आणि उन्हात ठेवूनही सेट कुरकुरला नाही. तार उतरवताना कर्नल पहिल्यांदा मोकळे बोलले.

"बाई, हे स्वल्प म्हणजे किती?"

"आपल्याकडे चिमूटभर. इथे सांगता येत नाही. अण्णांच्या तोंडी असेल तर काही वर्षं."

त्यांनी मान हलवली. "वर बर्फात मी एका चौकीशी बोलायला सेट लावला होता. तो तापेपर्यंत मी हात चोळत बसलो. तापला तेव्हा पलीकडून उत्तर द्यायला कोणी उरलं नव्हतं." एवढं बोलून त्यांनी तारेचं वेटोळं नीट गुंडाळलं. "चाचणी चांगली झाली, पण ती एका सकाळची. समिती वजन देणार ते त्रिविक्रमरावांच्या मताला, आणि ते मत नको असं आहे. आज जे कानावर पडलं ते मी बैठकीत सांगू शकतो. तुमचा विभाग वाचेल. पण ते खासगी बोलणं होतं आणि ऐकलं आपण दोघांनी. तेव्हा तुम्ही सांगा."

जीप परत निघाली. नाचणीच्या शेतांतून रस्ता जात होता आणि माझ्या डोक्यात नुसता कल्लोळ. हो म्हटलं असतं तर माझी खोली, माझं काम, सगळं शाबूत. आणि अण्णा? भर बैठकीत, दिल्लीच्या लोकांसमोर, 'मला पहिलीत बसायची भीती वाटते' हे त्यांचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार. मला स्वतःचाच राग आला, कारण शहराची वस्ती लागेपर्यंत मला उत्तर देता आलं नाही.

"नका सांगू," मी शेवटी म्हटलं. कर्नलांनी कारण विचारलं नाही.

प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर अण्णा उभे होते. हातात तो रबरबँड, त्याला उगाच ताणत होते. कर्नल पुढे निघून गेले. अण्णांचा चेहरा उतरला होता. सेटला तापावं लागत नाही, हे त्यांना कागदावर कधीपासून माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. चाचणी संपल्यावर ते त्यांच्या ध्यानात आलं असणार.

"विद्या," ते म्हणाले. आठवड्यात पहिल्यांदा. "दहाच्या आधी काही ऐकू आलं का ग?"

"काही नाही, अण्णा," मी म्हटलं. "सेट तापला नव्हता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो सेट मी बनवलेला. त्यात तापणारं काहीही नाही, हे सांगत मी वर्षभर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. मग रबरबँड खिशात टाकून ते म्हणाले, "सरी, ठीक. चल, बैठक आहे."

बैठकीत साहेबांनी अण्णांचं लेखी मत वाचायला घेतलं. अण्णा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तो कागद बाजूला ठेवा." मग आज सकाळी आपण काय केलं ते त्यांनी स्वतःच सांगितलं. जो सेट आधीच बोलत होता, तो तापायची वाट बघत आपण कॉफी पीत बसलो, आणि आपला कागदही तसाच कॉफी पीत लिहिलेला आहे. दिल्लीचे दोघे हसले. अण्णा हसले नाहीत. ते पुढे म्हणाले, की परदेशावर विसंबू नका हे माझं म्हणणं कायम आहे, म्हणूनच ट्रान्झिस्टर इथे बनवायला आजपासून शिका. हाताशी असलेल्या सेटना लागतील तेवढी वर्षं व्हॉल्व्ह बनवत राहा. आणि शेडमधल्या एकीलाही घरी पाठवू नका. ट्रान्झिस्टरची केसासारखी तार जोडायला न थरथरणारी बोटं लागतील, ती त्यांच्याकडे आहेत. नवं काम मी त्यांना शिकवीन.

"तुम्ही शिकवाल?" साहेबांनी विचारलं.

"आधी मी शिकीन," अण्णा म्हणाले.

माझ्या शेजारी बसलेल्या कर्नलांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला, एका दमात संपवला आणि खाली ठेवला. माझी खोली बंद झाली नाही. उलट शेडच्या दाराशी आमची टेबलं हलवायचं ठरलं.

संध्याकाळी अक्कांनी खालून हाक मारली. गेले तर अण्णा जेवणाच्या टेबलाशी बसलेले. समोर ते जाड पुस्तक, शेजारी कोरे कागद आणि नीट टोक काढलेली पेन्सिल. मी आल्यावर ते खुर्चीवरून उठायला लागले, मास्तर वर्गात आल्यावर पोरं उठतात तसे. मी घाईने त्यांचा दंड धरून त्यांना बसवलं.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "अवघड आहे का फार?"

"स्वल्प," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुणाचं स्वल्प? तुझं की माझं?"

"तुमचं, अण्णा."

"बरं," ते म्हणाले आणि पेन्सिल उचलली.