पुस्तकात नसलेला पक्षी

माझा स्वभाव संशयी आहे, असं आमच्या ह्यांचं मत. मी त्याला चौकसपणा म्हणते. कोथिंबिरीची जुडी मी सोडून बघते, गवळ्याच्या मापाकडे डोळा ठेवते. आणि जिना चढताना धापा टाकणारा माणूस एकाएकी डोंगरावर तंबूत राहायला जातो म्हणाला, तर का, हेही मी विचारणारच.

हे म्हणजे विद्याधर, सरकारी कारखान्यातले इंजिनियर. फुलांमध्ये त्यांना मोगरा आणि झेंडू ओळखता यायचा आणि पक्ष्यांमध्ये कावळा. पण त्या वर्षी गणपती झाल्यावर ते वासुदेवरावांच्या निसर्गमंडळाबरोबर चिकमगळूरकडच्या डोंगरात गेले. वासुदेवराव हे त्यांचे निवृत्त साहेब, बसवनगुडीत राहणारे, रानफुलं आणि पक्षी ह्यांचं वेड असलेले. मी कारण विचारलं, तर हवापालट, एवढंच उत्तर मिळालं.

परत आले तेव्हा मी त्यांची पिशवी उपसली. तंबूत राहून आलेल्या माणसाचे कपडे चिखलाचे, धुराच्या वासाचे असायला हवेत. ह्यांचे शर्ट धुतलेले होते आणि बाह्या आत दुमडून नीट घड्या घातलेल्या होत्या. निळ्या शर्टाचं तुटलेलं बटण, जे मी उद्या लावते, उद्या लावते म्हणत राहिले होते, ते पांढऱ्या दोऱ्यानं घट्ट लावलेलं होतं. ह्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. मी विचारलं, तर म्हणाले, मंडळात सगळे एकमेकांना मदत करतात. असलं मंडळ मी तरी ऐकलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात जे. पी. नगरच्या स्टुडिओतून ह्यांनी तिथे काढलेले फोटो मीच आणले. कानडी स्टुडिओवाला म्हणाला, "स्वल्प हलले आहेत, अक्का." हलले असतील, पण जे दिसायचं ते दिसत होतं. फुलाजवळ एक हात होता. एका फोटोत जांभळा तेरडा, एकात पिवळी मखमली कसलीशी फुलं, एकात दांडीवर ओळीनं लागलेली पांढरी. प्रत्येक वेळी देठ धरणारा हात तोच, बाईचा, मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या. फुलांकडे मी पाहिलंच नाही. रस्त्यात उभी राहून मी त्या बांगड्यांकडे बघत होते.

अशा वेळी बाईला माहेर आठवतं. माझं माहेर आंबोलीकडचं, पण आता तिथे कुणी नव्हतं. भाऊ होता, चंद्रकांतदादा, इथेच कर्नाटकात कुठल्याशा कॉफीच्या मळ्यावर नोकरीला. कुठल्या, ते विचारणं मी सोडून दिलं होतं. आई गेल्याची त्याची तार मला सगळं उरकल्यावर मिळाली, तेव्हापासून आम्ही बोलत नव्हतो. तार वेळेवर केली होती, असं तो म्हणायचा. मी ते मानलं नाही. तेव्हा आता संसाराचं काय होणार, हे मला एकटीलाच निस्तरायचं होतं.

रविवारी वासुदेवरावांकडे ओळखीची बैठक होती. सगळ्यांनी फोटो आणायचे, पाहिलेलं सांगायचं आणि काय काय दिसलं ते ठरवायचं. मीही येते म्हणाले. ह्यांचा चेहरा पडला, तो मी मनात नोंदवला. हिरव्या बांगड्या घालणारी तिथे कोण, एवढंच मला बघायचं होतं.

तिथे बायकांमध्ये होती एकटी मैत्रेयी, कंप्युटर कंपनीत नोकरी करणारी पुण्याची मुलगी. मनगटावर मोठं घड्याळ आणि बोटांना शाई. ही नव्हे. मी जरा सैलावते आहे तोच वासुदेवरावांनी कॉफी पुढे करत विचारलं, "काय वहिनी, ह्यांचं पोट आता बरं आहे ना? पायथ्याच्या गावातच थांबले बिचारे. आम्ही वर राहून उतरलो, तेव्हा बसपाशी भेटले."

पोट बिघडलेला माणूस घरी आल्या आल्या पुरणपोळ्या चापून खातो, हे मला नवीन होतं. मी कॉफी तशीच ठेवली. म्हणजे हे डोंगर चढलेच नव्हते. पायथ्याच्या गावात राहिले होते, जिथे शर्ट धुऊन मिळतात आणि बटणंही लागतात.

वासुदेवरावांचा एक नियम होता. आधी प्रत्येकानं आपल्याला काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगायचं, पुस्तक मग उघडायचं. पुस्तक आधी उघडलं, की माणसाला जे छापलंय तेच दिसायला लागतं, असं ते म्हणत. मैत्रेयीनं ओढ्याकाठी पाहिलेला एक पक्षी सांगितला. काळा, पण उन्हात आला की निळा, आणि शीळ अगदी माणसासारखी. वासुदेवरावांनी ह्यांच्याकडे वळून विचारलं, तुम्हीही खाली ऐकला असेल ना?

"ऐकला ना, रोज पहाटे," हे म्हणाले. बऱ्याच दिवसांनी एवढे खुलले होते. "सुरुवात झकास करतो आणि मध्येच चाल विसरतो. विसरभोळा."

सगळे हसले. वासुदेवरावांनी पुस्तक उघडलं आणि शीळकरी कस्तूर असं नाव वाचून दाखवलं. विसरभोळा नावाचा पक्षी त्या पुस्तकात नव्हता. तो कुठल्याच पुस्तकात नसणार, कारण ते नाव माझ्या आईनं ठेवलेलं होतं. आमच्या घरी पुस्तक नव्हतं. परसातून रानापर्यंत जे उगवे आणि उडे, त्याला आई त्याच्या गुणावरून नाव देई, आणि आम्हा दोघा भावंडांना तेच खरं नाव वाटे. आई गेल्यापासून त्यातलं एकही मी तोंडातून काढलं नव्हतं. ह्यांच्यासमोर तर कधीच नाही. हे नाव जाणणारा जगात आणखी एकच माणूस होता.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, "दादाकडे राहिला होतात."

ह्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. माझ्या वहिनीनं ह्यांना कारखान्यात फोन केला होता, दादाचा मळा त्या पायथ्याच्या गावातच होता, आणि कॅम्प हे नुसतं निमित्त होतं. साखरेच्या आजारानं दादाचे डोळे गेले. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दिवसभर पडवीत बसून असतो. वहिनी डोंगराच्या कडेनं फिरून मिळेल ते फूल आणते, त्याच्या नाकाजवळ धरते, हातात देते, आणि तो आईची नावं सांगतो. हिरव्या बांगड्यांचा हात वहिनीचा होता. बटणही तिनंच लावलं होतं.

मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी रडू फुटलं. रडता रडता मी भांडलेही. मला सांगायला काय झालं होतं?

"सांगितलं असतं, तर जाऊ दिलं असतंस?"

"नसतं," मी म्हणाले. ते खरंच होतं.

मग मला दुसरी शंका आली. माझं मन वळवायला दादानंच हे सगळं रचलं का? ह्यांनी मान हलवली. "तो म्हणाला, तिला कळू देऊ नका. कीव करून येईल. तशी यायला नको." मग खिशातून तो पांढऱ्या फुलांचा फोटो काढून ते म्हणाले, एवढ्या एकाच फुलाचं नाव त्याला सांगता आलं नाही. फार बेचैन झाला होता.

फोटो मी दिव्याखाली धरला. आज प्रथमच बांगड्या सोडून फुलं पाहिली. मग ह्यांच्याकडून नंबर घेतला आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. वहिनीनं फोन उचलला आणि काही न विचारता दादाला दिला.

"सांजवात," मी म्हणाले. कोण बोलतंय, कशी आहेस, काही नाही. "पांढरी, दांडीवर ओळीनं. संध्याकाळी वास येतो. आई सांजवात म्हणायची."

बूथमधले लाल आकडे पळत होते.

"चूक," दादा म्हणाला. "सांजवात पिवळी होती."

"पांढरी. फोटो माझ्या हातात आहे."

"मला फोटोचं काय सांगतेस, पमे? येऊन हातात दे, मग मानीन."

आमच्या घरात कुणी कुणाचं सहजासहजी मानत नाही. मी म्हणाले, शनिवारच्या बसनं येते आणि तुझ्या नाकाखाली धरते. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. डोंगरातली हवा दमट, सर्दी झाली असेल, असं मी बाहेर येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी त्यावर संशय घेतला नाही.