पुढे केलेला हात

मी लिफ्ट दुरुस्त करतो. एकतीस वर्षं हेच केलं. ही गोष्ट माझी बायको गेल्यानंतर आठ महिन्यांनी घडली.

सात मजली ऑफिसची इमारत होती. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर चार बोटं खाली थांबायची. काम साधंच. खालच्या खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. नव्या लोकांना हे मीच शिकवतो आणि जो चुकेल त्याला आठवडाभर टोमणे मारतो. त्या दिवशी मी स्विच न पाडताच शिडीवर पाय ठेवला. पैलवानाने मागून कॉलर धरून मला वर ओढलं. वर कुणीतरी तळमजल्याचं बटण दाबलं होतं, लिफ्ट खाली आली. माझा एक बूट खड्ड्यात राहिला.

पैलवान म्हणजे माझा जोडीदार. वजन पंचावन्न किलो, म्हणून हे नाव.

"मरायचं असेल तर घरी मर," तो म्हणाला. "इथे मेलास तर रिपोर्ट मला लिहावा लागेल." एवढं बोलून तो पायरीवर बसला.

मी घरी आलो. हे एकदाच झालं असतं तर मी स्वतःची समजूत घातली असती. पण दूध गॅसवर ठेवून विसरणं, ओळखीच्या माणसाचं नाव न आठवणं, बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडणं, हे महिनोन् महिने चाललं होतं. माझा थोरला भाऊ साठीत असाच विसरायला लागला होता. शेवटी शेवटी तो स्वतःच्या मुलाला "कोण पाहिजे तुम्हाला?" असं विचारायचा. त्यामुळे मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. प्रकृतीच्या कारणाने काम सोडण्याचा कंपनीचा अर्ज मात्र आणून टेबलावर ठेवला. महिनाअखेर सही करून द्यायचा होता.

लेक आली तेव्हा तिने तो अर्ज पाहिला.

"बाबा, हे काय?"

"कागद आहे."

"कागद आहे ते दिसतंय मला. डॉक्टरांना विचारलंत?"

डॉक्टरांना विचारलं होतं. ही गेल्यावर दोन महिन्यांनी एकाकडे गेलो होतो. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, बायको गेली आहे, मन उदास आहे, या गोळ्या घ्या. "आणखी काही औषध चालू आहे?" असं विचारलं तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "आयुष्यात एक गोळी घेतली नाही." हे मी सगळ्यांना सांगायचो. त्यांच्या गोळ्यांनी मी जास्त झोपायला लागलो, बाकी काही फरक पडला नाही.

लेकीने दुसरं एक केंद्र शोधलं. तिथे मनाचा डॉक्टर वेगळा आणि अंगाचा वेगळा असं नव्हतं. एकाच टेबलाभोवती सगळे बसायचे आणि माणसाची पूर्ण चौकशी करायचे. मी म्हणालो, मला चौकशी नको, निकाल हवा. लेक म्हणाली, "निकाल लागेपर्यंत सही करायची नाही. माझ्या गळ्याची शपथ." हा तिच्या आईचा डाव. कंपनीकडून रजा घेतली, अर्जाची मुदत वाढवून घेतली आणि गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, जेवता कुणाबरोबर? शेवटचं हसलात कधी? दात दुखतात का? थंडी वाजते का? खिडकीतून काय दिसतं? आणि मग माझ्या पायांकडे बघून, "बुटाच्या नाड्या का सोडलेल्या आहेत?"

माझं डोकं सटकलं. "बाई, मी डोक्याचं विचारायला आलोय. तुम्ही बूट काय काढलेत?"

"डोकं उभं कशावर असतं?" त्या म्हणाल्या.

पाय सुजतात म्हणून नाड्या बांधत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. रक्त घ्यायला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "आमच्या सिस्टर एकदा सकाळी तुमच्या घरी येतील. तुम्ही उठता तेव्हापासून घराबाहेर पडता तोपर्यंत बसतील. तुम्ही रोज करता तेच करायचं."

"बघायला काय आहे त्यात?"

"माहीत नाही. म्हणून तर बघायचं."

मी हो म्हणालो. कारण मीही हेच करतो. लिफ्ट बिघडली की नवीन माणूस आधी मोटर उघडतो. मी अर्धा तास कशालाही हात लावत नाही. आत उभा राहतो आणि वरखाली जातो. दार कसं लागतं, कुठे हिसका बसतो, माणसं चढली की आवाज बदलतो का, ते ऐकतो. लोक म्हणतात, हा फुकट फिरतोय.

सिस्टर गुरुवारी सकाळी सहाला आल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, हातात वही. लेक आदल्या दिवशीच येऊन राहिली होती आणि तिने घर आवरून ठेवलं होतं. सिस्टर तिला म्हणाल्या, "आवरलंत का? अरेरे. आता काय बघू मी?" लेक ओशाळली.

मला त्यांनी पुन्हा पलंगावर झोपायला सांगितलं. फार विचित्र वाटलं. बासष्ट वर्षांचा माणूस कपडे घालून तयार, आणि परक्या बाईसमोर डोळे मिटून पडलाय.

"हं, उठा," त्या दारातून म्हणाल्या. "नेहमीसारखं."

मी उठलो. पलंगाच्या कडेला बसलो. पायांनी चपला शोधल्या. मग उभा राहिलो आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "परत करा."

"काय परत करू?"

"झोपा आणि उठा."

"सिस्टर, ही नाटकाची तालीम आहे का?"

"असं समजा. पण परत करा."

मी परत झोपलो, परत उठलो, कडेला बसलो.

"हा हात कशाला पुढे केलात?"

मी खाली पाहिलं. माझा उजवा हात तळवा वर करून पुढे आला होता. कुणी प्रसाद देणार आहे असा. मला ते माहीतच नव्हतं.

"सवय," मी म्हणालो. "ही पाण्याचा पेला द्यायची. डोळे उघडायच्या आत पेला हातात."

"पेला असा धरतात?" सिस्टरांनी माझा हात तसाच धरून ठेवला. "पेला घ्यायचा तर बोटं वळतील. हा तळवा सपाट आहे. पेल्याआधी काय द्यायच्या त्या?"

लेक म्हणाली, "काही नाही. बाबा गोळ्याबिळ्या घेत नाहीत."

आणि मला आठवलं. म्हणजे विसरलो नव्हतोच, पण त्याला मी कधी काही समजलोच नव्हतो. एक बारीक पांढरी गोळी. ही तळव्यावर ठेवायची, मी तोंडात टाकायचो, मग पेला. "हे काय गं?" असं मी सुरुवातीला विचारलं होतं. "शक्तीचं आहे. गिळा गुपचूप," ही म्हणाली होती. अकरा वर्षं मी गुपचूप गिळत होतो आणि बाहेर जाऊन सांगत होतो की आयुष्यात एक गोळी घेतली नाही.

"कुठे ठेवायच्या त्या?" सिस्टरांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं, पण कुठे असेल ते कळलं. हिच्या शिलाई मशीनला एक खण आहे. आठ महिन्यांत मी तो उघडला नव्हता. घरातली बाकी सगळी आवरासावर लेकीने केली, पण मशीनला हात लावायचा नाही असं मी तिला बजावलं होतं.

"मी उघडू का बाबा?"

"नको. मी उघडतो."

खण अडकतो. डावीकडून जरा उचलून ओढावा लागतो, हे हिला आणि मलाच माहीत. आत बटणं, टेप, हिचा सुटा चष्मा, दोऱ्याची रिळं. कडेला औषधाची डबी, तळाशी दहा-बारा गोळ्या उरलेल्या. खाली घडी घातलेले कागद. सिस्टरांनी चष्मा वर सारून वाचले.

"थायरॉइड," त्या म्हणाल्या. "ही गोळी अशी एकदम बंद करायची नसते. तुम्ही कधी तपासायला गेला होतात?"

गेलो होतो. आता तेही आठवलं. आवाज बसला होता म्हणून ही मला ओढून घेऊन गेली होती. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांच्या इमारतीतली लिफ्ट कुरकुरत होती. मी वॉचमनबरोबर लिफ्ट बघत बसलो आणि ही एकटी आत जाऊन सगळं ऐकून आली. बाहेर येऊन म्हणाली, "चला, काही विशेष नाही." मला औषधाचं नाव काढलं की राग यायचा, हे तिला ठाऊक होतं. नंतर दरवर्षी "कंपनीची तपासणी आहे" म्हणून ती मला रक्त तपासून घ्यायला लावायची. कंपनीने कधीच असं काही सांगितलेलं नव्हतं.

"आई पण ना," लेक म्हणाली. तिला हसू आलं आणि हसता हसता तिने तोंड फिरवलं.

चार दिवसांनी रक्ताचा निकाल आला. केंद्रात डॉक्टरीणबाई, सिस्टर आणि बोलण्याचं काम बघणारे एक गृहस्थ, म्हणजे समुपदेशक, एकाच टेबलाला बसले होते. मी अर्ज खिशात घेऊन गेलो होतो.

"थंडी, सूज, विसरणं, सगळं मंद होणं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यातलं बरंच गोळी थांबल्यामुळे. स्मरणाच्या चाचण्या आपण तीन महिन्यांनी पुन्हा करू. पण आज मला जे दिसतंय त्यात तुमच्या भावाचा आजार दिसत नाही."

"नक्की?"

"तीन महिन्यांनी जास्त नक्की सांगेन. पण तुम्ही विचारताय म्हणून सांगते, मी तुमच्या जागी असते तर आज नीट जेवले असते."

छातीवर बसलेलं कुणीतरी उठून गेलं. पण लगेच दुसरीच गोष्ट मनात आली आणि मी ती विचारली. "म्हणजे मला जे वाटत होतं ते सगळं गोळीचं होतं? हिचं नव्हतं?"

त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला.

"नाही हो. दुःख तुमचंच आहे. ते कुठल्या रिपोर्टात येत नाही आणि गोळीने जाणार नाही. अंगात ताकद आली की ते तुम्हाला उचलता येईल, एवढंच. आणि उचलायला माणसं लागतात. त्याचंही बघू."

त्यांनी बघितलं. गोळी कमी मात्रेने सुरू केली, हळूहळू वाढवली. आधीच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी दिलेल्या गोळ्या टप्प्याटप्प्याने सोडवल्या. डाव्या कानातून एवढा मळ निघाला की सिस्टर म्हणाल्या, "यात रोप लागलं असतं." लोक माझ्याशी बोलत नाहीत असं मला वाटायचं, त्यातलं निम्मं मला ऐकूच येत नव्हतं. बुधवारी केंद्राच्या स्वयंपाकघरात आम्ही पाच विधुर भाज्या चिरतो, एकमेकांच्या चिरण्याला नावं ठेवतो आणि जे होईल ते एकत्र बसून खातो. बोलण्याचं काम बघणारे गृहस्थ तिथेच कांदा सोलत असतात. मी हिच्याबद्दल पहिल्यांदा बोललो ते कांदा चिरताना, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

तीन महिन्यांनी चाचण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "तुमच्या वयाला मला एवढं आठवलं तर बरं." मी बाहेर येऊन काम सोडण्याचा अर्ज चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. लेकीला फोन केला तर ती काही बोलेचना, नुसती नाक ओढत राहिली. "अगं, चांगलं सांगतोय," मी म्हणालो. "कळलंय मला," ती म्हणाली.

सोमवारी मी कामावर गेलो, अर्धा दिवस. पैलवानाने मला खड्ड्यात उतरू दिलं नाही. मेन स्विच पाडला, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, "तू वर थांब आणि मला शिव्या दे. तेवढंच तुला नीट जमतं." मी दिल्या. बऱ्याच महिन्यांनी मनापासून दिल्या.

गोळी आता पलंगाशेजारी असते. डाव्या हाताने डबी उघडतो आणि गोळी उजव्या तळव्यावर ठेवतो. पण त्याआधी हात आपोआप पुढे येतो, अजूनही, रोज. मी सिस्टरांना विचारलं, हे काही वाईट तर नाही? त्या म्हणाल्या, "येतो तर येऊ द्या. त्यानेच तर सांगितलं."

मग मी तो तसाच राहू देतो थोडा वेळ. नंतर गोळी घेतो आणि पाणी प्यायला उठतो.