येळवशीच्या भज्जीतली तूर

हणमंतरावांना एकच गर्व होता, आणि तो साऱ्या हळ्ळीखेडला पाठ होता. तुरीचा दाणा दाताखाली धरायचा आणि गाव सांगायचं. ही निर्ण्याची, ही चिटगुप्प्याची, ही आपल्या वरच्या रानातली. शेती करून तुरीचा व्यापार करणाऱ्या माणसाला ते शोभूनही दिसायचं. मी शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, पण "मास्तर, तुमच्या नकाशापेक्षा माझे दात पक्के" हे मला चारचौघांत ऐकून घ्यावं लागायचं.

यंदा मात्र दाताखाली धरायला काही उरलं नव्हतं. श्रावणात लागलेला पाऊस दसऱ्यापर्यंत हटला नाही. तुरी पाण्यात उभ्या राहिल्या आणि मर रोग लागून वाळल्या. त्यांची लेक मंजुश्री परराष्ट्र खात्यात, आफ्रिकेतल्या मोझांबिकमधल्या आपल्या वकिलातीत अधिकारी. नेमकं याच वर्षी तिकडची तूर भारतात आणायची बोलणी तिच्याकडे आली. पेठेत कुणीतरी म्हणालंच, "हणमंतराव, तुमचीच लेक तुमचा भाव पाडायली की!" झालं. बापाने लेकीशी बोलणं सोडलं.

तरी येळवशीला ती रजा काढून आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडे गाव ओस आणि रानं भरलेली असतात. कडब्याची कोपी, तिच्यात चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव, डाळी-भाज्यांची घट्ट भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. हणमंतरावांच्या घरची रीत अशी की, जेवणं झाली की लेकीने आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन पुढे चालायचं आणि बापाने मागून डहाळीने शेतभर आंबील शिंपडत जायचं. मंजू परकर नेसायची तेव्हापासून ते मडकं तिचं होतं. यंदा जेवता जेवताच हणमंतराव तिच्यादेखत बायकोला म्हणाले, "सोजरा, मडकं तू घे." पोरीचा चेहरा पार उतरला. परवा तिचं विमान होतं. असाच अबोला घेऊन तिला दर्यापार जावं लागणार होतं.

पंगतीला मीही होतो, मला राग आला. शिकवायचं, मोठं करायचं आणि मोठी झाली की रुसायचं, ही कसली तऱ्हा? मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "मंजू, त्यांचीच तूर कामून लागती गं आपल्याला?"

ती उत्तर मला देत होती, पण बघत होती बापाकडे. "सर, दाळ महागली की दिल्लीला झोप लागत न्हाई. आन् पाऊस आता कुणाच्या भरवशाचा ऱ्हायलाय? कुठल्या देशाशी गोड बोलायचं, ते ढग बघून ठरायलंय आता. तिकडं चीननं पूल बांधलेत, रस्ते केलेत. आपण तेवढा पैसा कुठून आणावा? मग आपण म्हणतो, तुम्ही पेरा, आम्ही खातो. त्यांच्यात तूर फारशी कुणी खात न्हाई. आपल्यासाठीच पेरतात."

"स्वतः न खाता?"

"व्हय. अमीना म्हणून तूर पेरणारी एक बाई हाय तिथं. गेल्या साली चक्रीवादळानं तिचं सगळं रान धुऊन नेलं. दर्या तापलाय सर. इकडं ढग पाठवतो, तिकडं वादळ."

घास माझ्या हातातच राहिला. हिंदी महासागर मी फळ्यावर निळ्या खडूने रंगवून मोकळा व्हायचो. तो तापतो काय, दोन काठांवरची दोन रानं बुडवतो काय, आणि त्या चिखलाकडे बघून दिल्ली-बीजिंगची मोठी माणसं दोस्त्या जुळवतात काय! आमच्या कोपीसमोर बसून मी हे ऐकत होतो. एवढं मोठं जग मी कधी शिकवलंच नव्हतं.

हणमंतरावांवर काही परिणाम दिसला नाही. भज्जीतला दाणा दाताखाली धरत ते मलाच म्हणाले, "मास्तर, सांगा तिला. ही बघा, साल कशी फुटली! निर्ण्याची हाय. सोजराच्या माहेरची. ही चव येईल का तुमच्या आफ्रिकेला?"

येळवशीच्या भज्जीत रानातली ओली तूर लागते. यंदा ती नव्हती, म्हणून सोजराबाईंनी वाळकी तूर भिजवून घातली होती. त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "सर, उठा जरा."

मी उठलो. माझ्याखाली बसायला पोतं अंथरलं होतं. त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, मोझांबिक. भूगोलाचा मास्तर तासभर त्याच्यावरच बसून होता.

"निर्ण्याची न्हाई ती," सोजराबाई नवऱ्याला म्हणाल्या. "हुमनाबादला चनमल्लप्पाच्या दाळ मिलमधून आणली. आपलं रान गेलं, तर म्हटलं लेकीनं धाडलेली तूर तरी पांडवांना दाखवावी."

हणमंतरावांनी तोंडातला घास सावकाश चावला, गिळला आणि हात धुतला. मग कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा लेकीकडे बघितलं.

"त्या बाईच्या रानात आता काय असंल?"

"पेरणी झालीय, अप्पा. कोंब वर आले असतील." मंजू म्हणाली. "वादळाचे दिवस बी हेच."

ते उठले, कडुलिंबाची डहाळी घेतली. "मडकं उचल," म्हणाले.

मंजूने डोळे पुसले आणि मडकं डोक्यावर घेतलं. ती पुढे, बाप मागे. "वलगे वलगे सालम पलगे" असं ओरडत ते वाळल्या तुरीच्या बांधाने चालले. या शब्दांचा अर्थ विचाराल तर रानात दहा जण दहा अर्थ सांगतील, पण हाळी सगळे एका सुरात देतात.

शेवटच्या बांधावर हणमंतराव थांबले. "मास्तर, आफ्रिका कुठल्या अंगाला?"

हजारो वेळा मी ती नकाशावर दाखवली होती. आज पहिल्यांदा जमिनीवर उभा राहून नैर्ऋत्येकडे बोट केलं. त्यांनी डहाळी बाजूला टाकली, मडक्यातून ओंजळभर आंबील घेतली आणि त्या दिशेला फेकली.

"अमीनाच्या रानाला!" ते ओरडले. बापलेक तिथेच उभे राहिले, आणि शेजारच्या रानांतूनही हाळी आली.