केशरबाईंची गाणी सांभाळणारी डिस्क

मी हार्ड डिस्क बोलतेय. आता मी फिरत नाही, माझा निळा दिवाही लागत नाही. आखाडा बाळापूरच्या बाजारात पल्लवीचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथल्या काचेच्या कपाटात मी बसलेली असते. माझ्या अंगावर झेंडूचं एक वाळलेलं फूल आहे. ते कोणी काढत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. मला आठवतो तो दुकानातला पहिला दिवस आणि पल्लवीचा हात. काय हात आहे त्या मुलीचा! तार खेचून काढणं तिला माहीतच नाही. आधी कॉम्प्युटरला विचारणार, काढू का, आणि मगच हळूच काढणार.

मला विकत घेतलं रत्नपालमामांनी. मामा शिलाईचं काम करतात आणि गायनपार्टीत पेटी वाजवतात. त्यांची आई केशरबाई गावोगाव जयंतीला गायच्या. त्या वारल्या, आणि मागे राहिल्या पिशवीभर कॅसेटी. फिती इतक्या कुजल्या होत्या की शेवटचं वाजता वाजताच तुटत गेल्या. पण तुटायच्या आत पल्लवीने एकेक गाणं माझ्यात उतरवून घेतलं. विकली जाण्याआधी दुकानात माझ्या पोटात लग्नांचे व्हिडिओ येऊन गेले होते, पण असा आवाज आला नव्हता. जात्यावर बसलेल्या बाईसारखा, घाई नसलेला.

"मामा, ही डिस्क कधी ना कधी जाणारच," पल्लवी म्हणाली. "दुसरी एक घ्या. आन् गाणे टॉरेंटवर टाकू. चार घरी राहिले तर बरं राहीन."

"काहून टाकू? माह्या आईचा आवाज हाय तो. कोणी बी, कुठं बी वाजवीन."

"वाजवू द्या की. आजी कोणाला न्हाई म्हनत होत्या का?"

दुसरी डिस्क 'घेऊ पुढच्या महिन्यात' म्हणून राहिली ती राहिलीच. मला दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडून ठेवून गाणी वाटायला मात्र ते कसेबसे तयार झाले, तेही एक गाणं सोडून. आईने त्यांना झोपवताना म्हटलेला पाळणा होता तो. "हे माह्यापाशीच राहू दे," ते म्हणाले. पल्लवीने एका शब्दाने आग्रह केला नाही.

पेनड्राइव्ह घेऊन 'गाणे भरून द्या' म्हणत येणाऱ्या पोरांना ती टॉरेंट समजावून सांगायची, ते मी रोज ऐकायचे. इंटरनेटवर एका फाइलचे बारीक तुकडे होतात, ते अनेकांच्या कॉम्प्युटरवर राहतात. ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो तो देतो, आणि घेता घेता आपणही देत असतो. गाण्याच्या नावाने एखादा प्रोग्राम आला तर उघडायचा नाही, त्यात व्हायरस असतो. आकार बघायचा, खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचायचं. मोबाइलच्या नेटवर लावून ठेवायचं नाही, सकाळीच डेटा संपतो. नवा सिनेमा मागणाऱ्याला ती सरळ सांगायची, "ज्याचं हाय त्यानं दिलं तरच घ्यायचं. मामांनी दिलं, ते घे." आणि वर न चुकता, "आन् उतरलं की लगेच बंद नको करू. मागच्याला बी भेटू दे."

पोरं हसायची. पण हसत हसत ऐकायची.

मग जयंती आली. आईचा आवाज मिरवणुकीत वाजावा म्हणून मामा मला घेऊन गेले. आईची वस्तू खाली पायाशी कशी ठेवायची? त्यांनी मला डीजेच्या सगळ्यात उंच खोक्यावर ठेवलं आणि वर फूल वाहिलं. इतका मान मला कधी कोणी दिला नव्हता. त्याच मानाने मी मेले. खोकं दणाणायला लागलं आणि माझी सुई माझ्याच तबकडीवर घासत गेली. केशरबाईंचा आवाज अर्ध्या कडव्यात तुटला.

नांदेडला नेऊन दाखवलं. तिथला माणूस म्हणाला, यातलं आता काही निघणार नाही.

आईचा पहिला स्मृतिदिन तोंडावर आला होता. मामा दुकानात स्टुलावर बसून होते, माझ्याकडे बघवतही नव्हतं त्यांना. दुकानातून गाणी वाटली जायची ती माझ्याच पोटातून, त्यामुळे तिथेही दुसरी प्रत नव्हती. पल्लवीने टॉरेंट उघडलं आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवरच्या रिकाम्या जागेत गाणी परत मागवली.

पूर्ण संच एकाकडेही नव्हता. पण कळमनुरीहून तुकडे आले, वसमतहून आले, पुण्यात कामाला गेलेल्या कुणाकडून आले. आलेला प्रत्येक तुकडा टॉरेंटमध्ये नोंदलेल्या मुळाच्या खुणेशी ताडून बघितला जात होता, खोटा एकही शिरला नाही. स्क्रीनवरची हिरवी पट्टी भरत गेली आणि टोकाला येऊन थांबली; उरलेले तुकडे ज्याच्याकडे होते त्याचं मशीन बंद होतं.

"प्रज्ञेश," पल्लवी म्हणाली. प्रज्ञेश म्हणजे मामांच्याच पार्टीतला ढोलकीवाला, राहायला हट्ट्याला. तिने फोन लावला. "भाऊ, कॉम्प्युटर बंद हाय का तुमचा?"

"व्हय, लाइट गेली व्हती. काहून?"

"चालू करा. आजीचे गाणे तुमच्यापाशी अडकलेत."

थोड्या वेळाने पट्टी भरली. पल्लवीने आवाज वाढवला आणि दुकानात केशरबाई गायला लागल्या. रस्त्यावरचा भाजीवाला थांबला. मामा तोंडाला रुमाल लावून रडले.

मग त्यांनी हळूच विचारलं, "आन् पाळणा?"

जो वाटला नव्हता, तो येणार कुठून?

मामांनी उठून दुकानाचं शटर अर्धं ओढलं. "पल्लवी, रेकॉर्डिंग लाव."

ते स्वतः पाळणा गायले. शेवटी म्हणाले, "टाक सगळ्यायसाठी. आईच्या गाण्यायसंगंच टाक."

तिसऱ्या कडव्यात त्यांची एक ओळ चुकली. खरी ओळ माझ्या ओरखडलेल्या पोटात आहे, केशरबाईंच्या आवाजात, आणि मला ती कोणाला सांगता येत नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच विनवते. तुमच्याकडे आपल्या माणसाचं असं काही असेल, तर माझ्यासारख्या एकटीच्या भरवशावर ठेवू नका. आणि हट्ट्याला, पुण्याला, कुठेही तो पाळणा उतरला, तर लगेच मशीन बंद करू नका. मागे कुणाचं तरी लेकरू झोपायचं असेल.