घनश्यामच्या ड्रममधले मृत

सृष्टीतला सूक्ष्मातला सूक्ष्म जीवसुद्धा अमोल आहे. हे नंदकिशोरनं सकाळी बहिणीच्या वावरात सांगितलं, आणि दुपारी भाऊजीचे दोन दात पाडले.

केळापूरजवळच्या या वावरात घनश्यामनं कापसाला विटून विहिरीवर दोन एकर ऊस लावला होता. त्याला लाल सड लागली. कांडं चिरलं की आत तांबडं, आणि वास देशी दारूचा. औंदा पुन्हा सडला तर परत कापूस, हे घरात ठरलेलं. म्हणून त्याचा साळा नंदकिशोर, एका प्रयोगशाळेतला मदतनीस, उसाच्या आत राहून सडीच्या बुरशीला आवरणारे जिवाणू कॅनभर घेऊन आला. ते ड्रमच्या पाण्यात ओतायचे, बेण्याची टिपरी, म्हणजे लावणीसाठी तोडलेले उसाचे तुकडे, अर्धा तास बुडवायची आणि लावायची.

नंदकिशोर जेवून आला तर ड्रमपाशी फाटक्या पुड्या.

"भाऊजी, हे काय टाकलं?"

"स्ट्रेप्टोसायक्लिन. कापसाच्या करप्यावर टाकतोच ना आपन. तुह्या औषधाले वासच नाही, मले भरोसा नाही आला."

"ते जिवाणू मारायचंच औषध हाये."

"मंग मेले असन. कायले रडतं, बुरशी बी मेली असन."

नंदकिशोरनं टिपरू उचललं आणि भाऊजीच्या तोंडावर हाणलं. घनश्यामनं दात थुंकले, कोयता उलटा धरला आणि बोथट बाजूनं साळ्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचं विहिरीपल्याडच्या खेमसिंगला ऐकू गेलं. मग त्यानं साळ्याचं डोकं ड्रममध्ये दाबलं.

"पी. पाहू, कोन मरते."

नंदकिशोर वर आला तो भाऊजीचा कान दातात धरून. बेबीताई नवऱ्याला सोडवायला गेली नाही, भावालाही नाही. टिपरी वाळून राहिली होती. बायांना घेऊन तिनं लावणी उरकली.

ठाण्यात हवालदारानं विचारलं, "मेलं कोन?"

"जिवाणू," नंदकिशोर म्हणाला.

"किती?"

"एका मिलिलिटरमध्ये दहा कोटी."

हवालदारानं पेनाला टोपण लावलं.

लावणीनंतर नवव्या महिन्यात ऊस पुन्हा आतून तांबडा निघाला. घनश्याम कोयता घेऊन साळ्याकडे निघाला, साळा लोखंडी सळई घेऊन इकडे. हायवेवर गाठ पडली. एकाला अकरा टाके, दुसऱ्याला चौदा.

त्या आठवड्यात प्रयोगशाळेतले साहेब वावर पाहायला आले. त्यांनी एकच विचारलं: बेणं कुठून आणलं होतं?

"आनाले कायले लागते?" बेबीताई म्हणाली.

बेणं मागच्या वर्षीच्या सडक्या उसाचंच होतं.